जोहरासाठी बोललेल्या शरयूबाई

शरयूबाई अंबडकरांना जालन्यात आधी सगळे ओळखायचे ते राजबंद्याची बायको म्हणून. सत्तेचाळीसच्या ऑगस्टात त्यांचे यजमान शरदचंद्र यांनी निजामाच्या अमलात भर बाजारात तिरंगा लावला आणि तिथूनच ते तुरुंगात गेले. पुढं दोन वर्षांनी ह्याच बाईंना लोक ‘रझाकारांची वकील’ म्हणायला लागले. दोन्ही नावं त्यांनी मागून घेतलेली नव्हती. मी शाळेत शिकवते, तेवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं, असं त्या म्हणायच्या.

शाळा नदीपलीकडं, जुन्या जालन्यात होती. मुलींची सरकारी शाळा, पण उर्दूतून चालायची म्हणून तिला सगळे मदरसाच म्हणत. शरयूबाई खालच्या वर्गांना गणित आणि शिवण शिकवत. उर्दू शिकवायला जोहरा होती. दोघी नव्या जालन्यात राहायच्या, तेव्हा दोघींनी मिळून एक टांगा लावला होता. टांग्याला मागून पडदा. आत बसलं की जोहरा बुरख्याचं तोंड वर करायची आणि शाळा येईस्तोवर तिचं बोलणं थांबायचं नाही. हेडमास्तरीणबाईंची चाल, मुलींच्या आयांची भांडणं, नवऱ्याच्या विसरभोळेपणाच्या गोष्टी. शरयूबाई मुळात अबोल. त्या नुसत्या हसायच्या, आणि त्यांना हसवण्यात जोहराला सुख वाटायचं.

शरयूबाईंचं घर सोवळ्याओवळ्याचं. जोहराच्या हातचं शिजवलेलं त्या खात नसत. जोहराला ते ठाऊक होतं. ती फळं आणायची. बोरं, पेरू, दिवाळीच्या सुमाराला सीताफळं. “फळाला कुठं जात असते, शरयूआपा,” म्हणायची आणि फोडून अर्धं पुढं करायची. मग शाळा येईपर्यंत दोघी मुठीत बिया धरून बसलेल्या.

शरद पकडले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी टांगा आला, पण त्यात जोहरा नव्हती. टांगेवाला म्हणाला, बीबी पायी निघून गेल्या. शाळेत शिक्षिकांच्या खोलीत जोहरा दुसऱ्या बाकावर बसली. शरयूबाई आत आल्या तशी तिनं वही उघडून त्यात मान घातली. आठवडा गेला, महिना गेला, वर्ष गेलं, जोहरा त्यांच्याशी बोलली नाही.

कारण शरयूबाईंना कळत होतं. जोहराचा नवरा रशीदमियाँ सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. रस्त्यावर रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या, आणि झेंडेवाल्याच्या बायकोबरोबर टांग्यातून जाणारी बाई दुसऱ्या दिवशी कुणाच्याही डोळ्यावर आली असती. हे सगळं कळून घेऊनही शरयूबाईंचं मन दुखायचं ते दुखायचंच. तुरुंग लांबच्या गावी होता. त्या महिन्याकाठी डबा घेऊन जायच्या, कधी भेट मिळायची, बहुतेक वेळा शिपाई परत पाठवायचा. गुन्हा काय, सुटका कधी, काही सांगायचा नाही. परतीच्या गाडीत बसल्यावर त्यांना राहून राहून वाटायचं, की गावातल्या कुणीतरी, एकानं तरी, मोठ्यानं विचारावं की ह्या बाईच्या माणसाचं काय केलंत? कुणी विचारलं नाही. भिंतीलाही कान होते त्या दिवसांत.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. लोकांनी पेढे वाटले, पोरं झेंडे घेऊन गल्लीगल्लीतून ओरडत फिरली. थोड्याच दिवसांत शरदही सुटून आले. गेले तेव्हा भरलेल्या अंगाचे होते. आले ते खोकत, काठी टेकत. शरयूबाईंनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि आत जाऊन पदर तोंडाशी धरून रडल्या. आपलं माणूस आपल्या घरात खोकतंय, ह्याचाही त्यांना आनंद होता.

पण त्याच दिवसांत दुसरंही काही चाललं होतं. ज्यांनी गावं जाळली, माणसं मारली, त्यातले कित्येक कधीच पळून गेले होते. जे घरी राहिले ते पकडले जात होते. अंमल लष्करी होता. कुणी बोट दाखवलं की माणूस उचलला जायचा, आणि बोट दाखवणाऱ्याचं जुनं वैर काय, जमिनीचा बांध कुठला, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. रशीदमियाँलाही असंच नेलं. त्यानं दवाखान्यात रझाकारांच्या जखमा बांधल्या, हा ठपका. त्यानं त्या बांधल्या होत्या हे खरंच होतं. जो येईल त्याची जखम बांधणं हीच त्याची नोकरी होती.

शरयूबाईंना हे शाळेत कळलं. जोहरा वर्गात मुलींना वाचून दाखवत होती. वाचता वाचता तिचा आवाज गेला. तिनं पुस्तक मिटलं, मुलींना म्हणाली, तुम्हीच वाचा, आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. शेजारच्या वर्गाच्या दारातून शरयूबाईंनी ते पाहिलं. जावं असं वाटलं. गेल्या नाहीत. वर्षभर आपल्याकडं जिनं पाठ केली तिच्या पाठीवर हात ठेवायला त्यांचा हात उचलेना.

तो उचलला गेला दिवाळीनंतर. शरदचं औषध आणायला त्या कचेरीवरून चालल्या होत्या. कचेरीच्या मागं कोठडी होती. कोठडीसमोरच्या लिंबाखाली बायका बसल्या होत्या. बुरखेवाल्या पुष्कळ, पण दोन-तीन नऊवारीतल्याही. प्रत्येकीपुढं डबा, नाहीतर फडक्यात बांधलेली भाकरी. शिपाई दारात उभा राहून सांगत होता की डबे घ्यायचा हुकूम नाही, घरी जा. एकजण उठून पुन्हा विचारायला गेली. तिच्या हातातल्या डब्याची तऱ्हा शरयूबाईंनी ओळखली. दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, थंड होऊ नये म्हणून. स्वतः त्या असाच धरायच्या. बुरख्याआडची बाई जोहरा आहे हे त्यांना मागाहून समजलं.

त्या सरळ जाऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

“डबा माझ्याजवळ दे, जोहरा,” त्या म्हणाल्या.

शिपाई त्यांना ओळखत होता. सुटून आलेल्या राजबंद्यांची मिरवणूक निघाली तेव्हा तो बंदोबस्ताला होता. शरदचंद्रांच्या घरच्या बाईंना नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं डबा घेतला. मग शरयूबाईंनी दुसरीचा पुढं केला, तिसरीचा केला. शिपायानं इकडं तिकडं पाहिलं आणि सगळे आत नेले.  जोहरानं शरयूबाईंचा पदर बोटाला गुंडाळून धरला होता, तो कितीतरी वेळ सोडला नाही.

तिथंच त्यांना साळूबाई भेटली. केदारखेड्याची शेतकरी बाई, उन्हानं रापलेली, आवाज शेताच्या ह्या कडेवरून त्या कडेला पोचणारा. ती आली होती तिच्या गावच्या चाँद पिंजाऱ्यासाठी. चाँदला आईबाप नव्हते. घरोघरी जाऊन कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा आणि ज्याच्या घरी काम त्याच्या घरी जेवायचा. त्याच्या हातातली कापूस पिंजायची धुनकी कुणाला बंदूक वाटली, की कुणाला त्याची गावाकाठची झोपडीची जागा हवी होती, कोण जाणे. साळूबाईचं म्हणणं सरळ होतं.

“माझ्या लेकीच्या लग्नाच्या गाद्या त्यानं भरून देल्त्या. त्याला कोण हाय मागं? मंग मीच आले.”

तेव्हापासून ह्या दोघी जणू एका कामाला लागल्या. साळूबाई बाजाराच्या दिवशी यायची, भोकरदनकडच्या खेड्यांतली खबर आणायची. शरयूबाई शाळा सुटली की बुरखेवाल्यांच्या घरी जायच्या. ज्या घरांत परका पुरुष पाऊल टाकू शकत नव्हता तिथं त्या आत चुलीपाशी जाऊन बसायच्या आणि ऐकायच्या, कुणाला कधी नेलं, कुणी नेलं, काय सांगून नेलं. सोवळं ह्या जाण्यायेण्यात कधी सुटलं, त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्या कचेरीत अर्ज द्यायच्या. अर्ज घेतले जायचे, उत्तर यायचं नाही. कोठडीतली माणसं लांबच्या मोठ्या तुरुंगात हलवली, तेव्हा डब्यांचंही निमित्त संपलं.

शरदना हे पसंत नव्हतं. एकदा ते बोललेच. आमच्या लोकांचं ह्यांनी काय केलं ते तुला ठाऊक आहे ना, म्हणाले. माझ्या छातीकडं बघ.

“ह्यांनी म्हणजे कुणी?” शरयूबाईंनी विचारलं. “रशीदनं तुमचं काय केलं तेवढं सांगा. मी उद्यापासून जाणार नाही.”

शरद भिंतीकडं वळले. त्यानंतर बाई संध्याकाळी कुठं असतात हे विचारणंही त्यांनी सोडलं. 

एकोणपन्नासच्या सप्टेंबरात मुक्तीला वर्ष झालं म्हणून मोठी सभा ठरली. पुढारी होते काकासाहेब. शरदबरोबर एकाच बराकीत राहिलेले, आता तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन. राजबंद्यांचा सत्कार होता, आणि त्यांच्या घरच्या बायकांपैकी एकीनं दोन शब्द बोलावे असं काकासाहेबांनीच सुचवलं. शिकलेल्या म्हणून शरयूबाईंचं नाव निघालं. शरदना मनातून भीती होती, पण नाही म्हणायला कारण नव्हतं.

शरयूबाई उभ्या राहिल्या तेव्हा टाळ्या झाल्या. त्यांचा आवाज लहान होता. पुढचे लोक गप्प झाले तसा तो मागंही पोचला.

“मागच्या वर्षी माझं माणूस घरी आलं,” त्या म्हणाल्या. “त्याआधी मी तुरुंगाच्या दारात उभी राहत होते. निजामाचा शिपाई म्हणायचा, गुन्हा विचारू नका. आता शिपाई आपला आहे. तोही तेच म्हणतो. ज्यानं जाळलं, मारलं, त्याला कोर्टात उभं करा आणि शिक्षा द्या, मी पहिली टाळी वाजवीन. पण ज्यांचा गुन्हा काय हे वर्ष झालं तरी सांगता येत नाही, त्यांना सोडा. तसं होणार नसेल, तर आपली माणसं कशासाठी आत गेली होती, ते मला कुणीतरी समजावून सांगा.”

एवढं म्हणून त्या थांबल्या. कुणी टाळी वाजवली नाही. मग मागून एकजण म्हणाला, खाली बसा बाई. दुसरा काहीतरी घाण बोलला. काकासाहेब उठून हात जोडत म्हणायला लागले की वहिनींची तब्येत बरी नाही, त्यांनी फार सोसलंय. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून साळूबाई उभी राहिली.

“तिची तब्येत बराबर हाय,” ती म्हणाली. “ती काय खोटं बोलून राह्यली? आमच्या गावचा चाँद नेला. त्यानं जल्मात बंदूक धरली न्हाई, धुनकी धरली. माझं बी नाव लिवून घ्या.”

नाव कुणी लिहून घेतलं नाही. सभा कशीबशी उरकली. घरी येताना शरद पुढं चालत होते आणि शरयूबाई मागं.

मग जे व्हायचं ते झालं. शाळेतून निरोप आला, चौकशी होईपर्यंत येऊ नका. पोलीस घरी येऊन विचारून गेले की तुम्हाला बोलायला कुणी शिकवलं. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. दाराच्या फळीवर रात्रीतून कुणीतरी कोळशानं ‘पाकिस्तान’ लिहून ठेवलं. शरयूबाईंनी सकाळी ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि दारात सडा घातला. बोलल्याचा त्यांना पस्तावा नव्हता. त्यांना सलायचं ते घरातलं. शरद जेवायचे, औषध घ्यायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. ज्याच्या वाटेकडं डोळे लावून वर्ष काढलं तो माणूस हाताच्या अंतरावर होता आणि पुन्हा वाटच पाहायची होती.

हिवाळ्यात साळूबाई आली ती बाजाराचा दिवस नसताना. पायरीवर बसली, पाणी नको म्हणाली. चाँद पिंजारी तुरुंगात तापानं गेला होता. केव्हा गेला ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं. तिथंच पुरून टाकला होता. गावात निरोप आला तो फिरत फिरत, एका सुटून आलेल्या माणसाबरोबर.

“ताप आल्ता म्हणे,” साळूबाई म्हणाली. “पाणी मागत होता म्हणे. कोणाला मागत आसंल? आई तर त्याला आठवतबी नव्हती.”

आतून खोकल्याचा आवाज थांबला. शरद काठी टेकत बाहेर आले आणि उंबऱ्यावर बसले. चाँदचं वय काय होतं, त्यांनी विचारलं. साळूबाईनं सांगितलं, मिसरूड फुटत होतं.  शरदच्या बराकीतही एक पोरगा असाच तापानं गेला होता, झेंडा लावल्याबद्दल आलेला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन शरद रात्रभर शिपायाला हाका मारत होते. ही गोष्ट त्यांनी शरयूबाईंना कधी सांगितली नव्हती. ती त्या दिवशी साळूबाईला सांगितली, आणि शरयूबाईंनी दाराआडून ऐकली.

त्यानंतर शरद आणि शरयूबाई मिळून कामाला लागले. पुढल्या वर्षाच्या सुरुवातीला कळलं की अटकेतल्यांची प्रकरणं तपासायला हैदराबादेहून एक न्यायाधीश येणार आहेत. साक्षी मिळाल्या तर माणसं सुटतील. रशीदमियाँसाठी साक्ष देऊ शकेल असा एक माणूस शरदना आठवत होता. अंबडकडं, अंतरवालीचा कडूबा. रझाकारांनी त्याच्या दंडावर तलवार मारली होती, आणि त्याला जालन्याच्या दवाखान्यात आणलं होतं हे साऱ्या भागाला ठाऊक होतं.

नवराबायको बैलगाडीतून अंतरवालीला गेले. कापूस वेचून झाला होता, पऱ्हाट्या नुसत्या उभ्या होत्या. कडूबा आधी तयार होईना. गावात मला राहायचंय, म्हणाला, लोक काय म्हणतील? शरदनी त्याला काही समजावलं नाही. दंड दाखव, एवढंच म्हणाले. कडूबानं सदऱ्याची बाही वर केली. व्रण लांब होता, पण टाके सरळ, एकसारखे पडलेले.

“कुणी घातले?” शरदनी विचारलं.

कडूबा बाही खाली करत म्हणाला, “रशीद कंपाउंडरनं. डाक्टर पळून गेल्ता.” मग थोडं थांबून म्हणाला, “त्याच बाकड्यावर एक रझाकार बी पडेल होता. त्यो वराडत होता, आधी मला बांध. कंपाउंडर म्हणला, ज्याचं रगत जास्त चाललंय त्याला आधी.”

चौकशीच्या दिवशी कडूबा आला. त्यानं न्यायाधीशांपुढं हीच गोष्ट सांगितली, ह्याच शब्दांत. शरदचंद्रही उभे राहिले आणि म्हणाले की मी निजामाचा कैदी होतो, ह्या माणसाला सोडा असं मी म्हणतो. काकासाहेब आले नाहीत, पण आडही आले नाहीत. उन्हाळा लागण्याच्या आत रशीदमियाँ सुटला, आणि त्याच्याबरोबर आणखीही काहीजण. जे सुटले नाहीत त्यांच्यावर निदान खटले उभे राहिले. चाँदसाठी काही करता येण्याजोगं उरलं नव्हतं. साळूबाई चौकशीला आली होती, तिनं तरीही त्याचं नाव लिहून घ्यायला लावलं.

नंतरचे काही महिने शरयूबाईंच्या आयुष्यातले फार चांगले गेले, असं त्या पुढं सांगायच्या. शाळा अजून बंदच होती त्यांना, पण जोहरा संध्याकाळी घरी यायची. तिची जीभ पुन्हा सैल सुटली होती. रशीद तुरुंगातून आला तो आणखीच विसरभोळा होऊन, साखर समजून चहात मीठ घालतो, असं सांगून ती शरदनाही हसवायची.

एकदा मात्र ती हसता हसता गप्प झाली. म्हणाली, “तुमच्या घरावरून जाताना मी नकाब खाली ओढून घ्यायची, आपा. आणि तुम्ही माझ्यासाठी भर सभेत उभ्या राहिलात. तुम्हाला माझा राग नाही आला?”

“आला ना,” शरयूबाई म्हणाल्या. “बिलकुल गेला नाही वर्षभर. कुणी आपल्यासाठी बोललं नाही की काय होतं, ते त्यामुळंच तर मला कळलं होतं.”

जोहरानं मान खाली घातली. 

पण रशीदमियाँची नोकरी परत मिळाली नाही. त्यानं घरीच औषधाची पेटी मांडली, तर लोक येईनात. सुटला म्हणून काय झालं, आत होता ना, असं म्हणायचे. ज्यांची पोरं त्याच्या औषधानं बरी झाली होती तेही दुसऱ्या गल्लीतून जायचे. त्याचा थोरला भाऊ कराचीला गेला होता. तिथल्या दवाखान्यात जागा आहे, ये, असा निरोप आला. रशीद वर्षभर नाही म्हणत राहिला. मग एके दिवशी तो बाजारातून आला तो कपाळ फुटून. कुणी मारलं ते त्यानं जोहरालाही सांगितलं नाही. स्वतःच आरशात बघून पट्टी बांधली आणि म्हणाला, चल.

निघायच्या दिवशी जोहरानं शरयूबाईंना घरी जेवायला बोलावलं. सामान बांधून झालं होतं, दोन पातेली तेवढी बाहेर होती. तिनं मेथीची भाजी आणि भाकरी केली होती, शरयूबाई शाकाहारी म्हणून भांडी नवी आणली होती. शरयूबाई पोटभर जेवल्या. जोहरा समोर बसून त्यांना खाताना बघत होती. स्वतः तिनं घास घेतला नाही. टांगा आला तेव्हा शरयूबाईंना स्टेशनपर्यंत जायचं होतं, पण जोहराच म्हणाली, नको, तुम्ही फलाटावर असलात तर मी गाडीत चढणार नाही.

टांगा वळणावर दिसेनासा झाला. ज्या सुटकेसाठी त्या गावाशी भांडल्या, त्या सुटकेनंच जोहराला त्यांच्यापासून नेलं. त्या हे कधी कुणाजवळ तक्रारीसारखं बोलल्या नाहीत. साळूबाईला मात्र एकदा म्हणाल्या होत्या, रशीद आत होता तोवर ती इथं तरी होती, असं वाईट माझ्या मनात येऊन जातं गं. साळूबाई म्हणाली, येऊ दे. मन हाय, त्याला कोण आडवतं.

शाळेनं शरयूबाईंना बावन्न साली परत घेतलं. तोवर उर्दू मागं पडून शाळा मराठीतून चालायला लागली होती. छप्पन साली हैदराबाद राज्यच मोडलं आणि मराठवाडा मुंबईकडं आला. कराचीहून पत्रं यायची, उर्दूतली. आधी पुष्कळ, मग ईदेला आणि दिवाळीला. शरयूबाई ती मोठ्यानं वाचायच्या, कारण ते शब्द कानांवर पडायची दुसरी सोय त्यांना आता राहिली नव्हती. मुलींच्या नव्या बाई चांगल्या होत्या, प्रेमानं वागायच्या. पण टांगा गेला, बस आली. बसमध्ये शरयूबाई खिडकीशी बसायच्या आणि पूल आला की नकळत शेजारी बघायच्या.

लोकांचं त्यांच्याकडं येणं थांबलं नव्हतं. चोरीच्या संशयावर उचललेल्या पारध्याची बायको यायची, शेतकऱ्यांच्या मोर्चातून पकडलेल्या पोराची आई यायची. शरयूबाई उठून पायात चपला घालायच्या. कचेरीत आता त्यांना बसायला खुर्ची मिळायची. काकासाहेबही रस्त्यात भेटले तर नमस्कार करायचे. अठ्ठावन्न साली शरद गेले. छातीचं दुखणं शेवटी त्यांना घेऊनच गेलं. साळूबाई तेरा दिवस होईपर्यंत येऊन राहिली होती.

साठ साली, उन्हाळ्याच्या सुट्टीत, जोहराचं पत्र आलं. हैदराबादला तिच्या भाचीचं लग्न होतं. व्हिसा मिळाला होता, पण तो मुंबई आणि हैदराबाद, एवढ्याच दोन शहरांचा. वाटेत कुठं उतरायची परवानगी नव्हती. मुंबईहून सगळे सोलापूरमार्गे जातात, तिनं लिहिलं होतं, पण मी मनमाडवरून येते आहे. ती गाडी जालन्यावरून जाते. पुढं दिवस लिहिला होता.

शरयूबाई फलाटावर गाडीच्या पुष्कळ आधी जाऊन उभ्या राहिल्या. गावात नव्या महाराष्ट्राची तोरणं अजून तशीच होती, उन्हानं रंग उडालेली. त्यांनी पेरू शोधले, त्या दिवसांत मिळाले नाहीत. खरबूज घेतलं, पदराखाली धरलं. गाडी आली, बायकांच्या डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर हलत होता. जोहराच्या डोक्याचे केस पांढरे झाले होते. बुरखा ती आता घेत नव्हती, नुसती ओढणी होती.

काय काय बोलायचं ते दोघींनी इतकी वर्षं ठरवलेलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. जोहरानं विचारलं, तिसरीला आता कोण शिकवतं? शरयूबाईंनी सांगितलं. रशीद कसा आहे? बरा आहे, चष्मा शोधत असतो, तो डोळ्यावरच असतो. मग जोहरा म्हणाली, शरदभाईंचं कळलं, आणि गजांमधून हात घालून तिनं शरयूबाईंचं मनगट धरलं. खरबूज गजांतून जाईना. शेजारच्या एका बाईनं ते दारातून आत घेऊन दिलं. जोहरा ते मांडीवर घेऊन हसायला लागली, आणि रडायला लागली.

“उतर,” शरयूबाई म्हणाल्या. ते त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“उतरले तर पकडतील, आपा.”

“मग मी बोलेन ना,” शरयूबाई म्हणाल्या.

गाडी हलली. त्या दोन पावलं बरोबर चालल्या आणि थांबल्या.

परतीची गाडी कोणत्या दिवशी, हे विचारायचं राहून गेलं. लग्न आटोपायला आठ-दहा दिवस लागतील असा अंदाज धरून शरयूबाई मग दररोज स्टेशनवर जाऊ लागल्या. हैदराबादकडून येणारी गाडी संध्याकाळी यायची. त्या बायकांच्या डब्यापाशी उभ्या राहायच्या, खिडक्या बघत पुढं जायच्या, गाडी गेली की परत फिरायच्या. स्टेशनमास्तर त्यांना बसायला बाकडं पुसून द्यायचा. साळूबाई भाजी घेऊन आली की तीही कधी सोबत यायची आणि बसून राहायची. कधी येणार हाय ती, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा जाणं थांबलं. पत्र आलं ते भाद्रपदात. जोहरानं लिहिलं होतं, की परत जाताना भाचा म्हणाला, ती लांबची वाट कशाला, आणि त्यानं तिला सोलापूरच्या गाडीत बसवून दिलं. तिनं त्याला कारण सांगितलं होतं. त्याला ते कळलं नाही. रात्रभर ती खिडकीशी बसून होती, आणि प्रत्येक स्टेशनावर नाव वाचत होती.